एपकॉटच्या फूड फेस्टिवलला जाऊन राहिले? मग खायचं कसं ते आधी वाचा

आजकाल नागपुरात दर दुसऱ्या घरातलं पोट्टं अमेरिकेत आहे, आणि आईबाबा तिकडे गेले की पोरगा नाहीतर जावई सुट्टीत त्यांना फ्लोरिडाला नेतोच, ऑर्लँडोला, डिस्नी पाहायला. तिथे चार पार्क आहेत. लहान पोट्टे मॅजिक किंगडमसाठी रडतात ते ठीक आहे, पण खायची आवड असलेल्या माणसाचं खरं काम एपकॉटमध्ये आहे. १९८२ ला सुरू झालेला पार्क, त्याच्या मागच्या भागात एक मोठं तळं आणि तळ्याभोवती ११ देशांचे पॅव्हेलियन, म्हणजे त्या त्या देशासारख्या बांधलेल्या जागा, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, याच ओळीत. आणि साधारण ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत तिथे फूड अँड वाईन फेस्टिवल असतो, म्हणजे या ११ देशांच्या मधेमधे आणि पार्कच्या पुढच्या भागात पण अजून छोटे छोटे स्टॉल लागतात, ब्राझील, ग्रीस, हवाई, आयर्लंड, कधी आपला भारत पण. फेस्टिवलचं वेगळं तिकीट नाही, पार्कच्या तिकिटातच आत जाता येतं, खाल्लं-प्यायलं त्याचे पैसे वेगळे.

आता पहिली गोष्ट म्हणजे तारखा. हा फेस्टिवल बरोब्बर आपल्या गणपती, पितृपक्ष, नवरात्रात येतो. घरात चातुर्मास पाळणारं कोणी असेल, कांदा-लसूण बंद असेल, नऊ दिवसांचे उपास असतील तर त्या माणसाला जगभरच्या खाण्यासमोरून उपाशी फिरवण्यात काही अर्थ नाही. माझं मत विचाराल तर अशा घरांनी मार्च ते जूनच्या आसपास असणारा फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिवल धरावा, तो पण एपकॉटलाच असतो, त्यात पण खाण्याचे स्टॉल भरपूर, शाळेला सुट्ट्या, आणि तेवढाच नागपूरचा पंचेचाळीसचा मे महिना चुकतो. जानेवारी-फेब्रुवारीत आर्ट्सचा फेस्टिवल आणि डिसेंबरात हॉलिडेजचा, म्हणजे वर्षातला बराच काळ तिथे काही ना काही चालू असतंच. खाली जे लिहून राहिलो ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, तिथे पोट भरायला जाऊ नका, चव घ्यायला जा. स्टॉलवर मिळते ती प्लेट आपल्या प्रसादाच्या द्रोणाएवढी, तीन-चार घासांची. साधारण पाच ते दहा डॉलर, म्हणजे साडेचारशे ते नऊशेच्या आसपास रुपये, वर साडेसहा टक्के टॅक्स जो बोर्डावर लिहिलेला नसतो. तर्री पोह्याच्या प्लेटशी हिशोब लावत बसाल तर एक घास घशाखाली उतरणार नाही, तेव्हा तो हिशोब घरीच करून घ्या, माणशी एवढे डॉलर असं ठरवा आणि मग आत गेल्यावर गुणाकार बंद. तिथे छोटं गिफ्ट कार्ड मिळतं, मनगटात अडकवायचं, त्यात ठरलेली रक्कम टाकली की ती संपली म्हणजे संपली, नाहीतर क्रेडिट कार्डावर किती टॅप झालं ते रात्री हॉटेलात गेल्यावरच कळतं. आणि इंडियाचं कार्ड वापरणार असाल तर परदेशी व्यवहारावर बँक वरून चार्ज लावते तो आधी विचारून घ्या, फोरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर भरून नेलेलं कार्ड, बरं पडतं.

चौघं असाल तर प्लेट एकच घ्यायची, काटे चार. आवडलं तर दुसरी घेता येते ना, स्टॉल कुठे पळून चालला. पण आपल्याकडे काय होतं, पहिल्याच स्टॉलवर प्रत्येकाला आपली आपली प्लेट पाहिजे, आणि चीनपर्यंत पोचेपर्यंत सगळे गार. एकूण गोल चक्कर जवळजवळ दोन किलोमीटर आहे हे लक्षात ठेवा, खात खात चालायचंय, मधे बसायचंय.

घ्यायचं काय, याचा माझा नियम सोपा आहे, जे नागपुरात मिळतं ते तिथे घ्यायचं नाही. नूडल्स, पिझ्झा, फ्राईज, चॉकलेट केक, हे धरमपेठेत पण मिळतं, त्यासाठी सातासमुद्रापार जाऊन लाईनीत उभं राहायचं काऊन? ब्राझीलच्या स्टॉलवर बरेचदा पाऊं जि केजू नावाचे चीजचे छोटे गोल पाव असतात, ते घ्या. ते मैद्याचे नसतात, ज्या टॅपिओकाच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्याच पिठाचे असतात, वरून थोडं कडक, आणि फोडलं की आतून गरम वाफ आणि रबरासारखी लांब होणारी तार. अंडं असतं त्यात, म्हणून उपासाला चालतं का हे आईला विचारायच्या भानगडीत पडू नका. ग्रीसचा स्टॉल असला की तिथे तव्यावर भाजलेलं चीज मिळतं, वर मध आणि पिस्ते. पनीरच्या तुकड्यासारखं दिसतं, त्याच्यासारखंच वितळत पण नाही, कडा तपकिरी झालेल्या, चावताना दाताखाली कुरकुर वाजतं, खारट-गोड एकदम. व्हेज माणसासाठी अख्ख्या फेस्टिवलातल्या भारी गोष्टींपैकी एक आहे ती.

नॉर्वेत तर फेस्टिवल असो नसो, क्रिंगला नावाच्या बेकरीत स्कूल ब्रेड मिळतो, वेलदोड्याचा पाव, मधे कस्टर्ड, कडेला खोबऱ्याचा कीस. वेलदोडा आणि खोबरं म्हटल्यावर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पण तो परका वाटत नाही. जर्मनीत कॅरामलचं दुकान आहे, त्याच्या वासानेच पब्लिक आत ओढली जाते. फ्रान्सच्या बेकरीत लाईन लांब असते पण सरकते लवकर.

आणि भारताचा स्टॉल? ज्या वर्षी असतो त्या वर्षी पोट्टे नाक मुरडतात, इथे येऊन पण करी काय खायची. मी म्हणतो तो स्टॉल सोडू नका पण चवीसाठी नाही, सोयीसाठी धरा. बाबांना तीन तासांनी भाताची आठवण येणारच आहे आणि चिडचिड सुरू होणार आहे, तेव्हा तो स्टॉल कुठे आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे. तिखटाची अपेक्षा मात्र कुठेच ठेवू नका. बोर्डावर स्पायसी लिहिलेलं असलं तरी ते त्यांच्या हिशोबाने स्पायसी, सावजी खाणाऱ्याला ते आजाऱ्याचं जेवण वाटेल. पार्कमध्ये घरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बरणी आणि दारू चालत नाही, तेव्हा शेंगदाण्याची चटणी प्लास्टिकच्या डबीत टाकून न्या, हल्दीरामचं एखादं पाकीट पण ठेवा, कोणी काही म्हणत नाही.

व्हेजवाल्यांनी इथे जरा नीट वाचा. मेन्यू डिस्नीच्या अ‍ॅपवर आधीच पाहता येतो, पानाची खूण असली की ते प्लँट-बेस्ड, म्हणजे दूध-अंडं पण नाही, ते बिनधास्त घ्या. बाकी ठिकाणी नुसतं "व्हेजिटेरियन आहे का" विचारून काम भागत नाही, कारण मटणाचा तुकडा नसला की व्हेज असं समजणारे लोक पण भेटतात. सूप दिसायला चीजचं आणि आत बेकन, भाजी दिसायला साधी आणि शिजवलेली बीफच्या पाण्यात, मूसमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटीन, आशियाई सॉसमध्ये मासळी. म्हणून वेगवेगळं विचारायचं, मीट आहे का, फिश आहे का, ब्रॉथ कशाचा आहे, जिलेटीन आहे का, एग आहे का. लाजू नका, मागे लाईन असली तरी. काऊंटरवरच्या माणसाला माहीत नसलं तर तो आतून शेफला नाहीतर मॅनेजरला विचारून सांगतो, अ‍ॅलर्जीच्या बाबतीत तिथले लोक फार काळजी घेतात. एगलेस पाहिजे असेल तर मात्र गोडाचे बरेच पर्याय कटतील, आधीच सांगून ठेवतो.

स्टॉलवर पद्धत अशी, एका खिडकीवर ऑर्डर आणि पैसे, मग पावती घेऊन बाजूच्या खिडकीवर, तिथून प्लेट उचलायची. मग उभं राहून खायचे उंच टेबल असतात ते आधीच धरायला घरातल्या एकाला पाठवा, आपण त्यात एक्स्पर्ट आहोतच, लग्नात रुमाल टाकून खुर्ची धरणारी पब्लिक आपण. फेस्टिवलची फुकट छोटी पुस्तिका मिळते, पासपोर्ट म्हणतात तिला, त्यात सगळ्या स्टॉलची यादी असते. ती आत गेल्याबरोबर घ्या आणि पेनाने टिक करत चला, मेन्यूत चीजचा एक ट्रेल पण असतो, ठरावीक चीजच्या डिश खाऊन शिक्के जमवले की शेवटी एक खाऊ फुकट. फुकटासाठी नको त्या डिश घेण्यात पैसे जातात पण, आधी यादी पाहून ठरवा.

प्यायचं म्हणाल तर सुरुवात क्लब कूलपासून करा, पार्कच्या पुढच्या भागात आहे, कोका-कोला कंपनीचे वेगवेगळ्या देशांतले सोडे मशीनमधून छोट्या कपात घ्यायचे, एकदम फुकट. त्यात इटलीचं बेव्हर्ली नावाचं एक आहे, दिसायला पाण्यासारखं, आणि कडू असं की बाप्पा! पहिल्या सेकंदाला काहीच वाटत नाही, मग जिभेच्या मागून कडूपणा चढत येतो आणि तोंड वाकडं होतं. घरातल्या ज्या माणसाला आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं त्याला काही न सांगता ते द्यायचं आणि मोबाईल तयार ठेवायचा.

दारूवाल्यांसाठी, २१ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि ओळखपत्र म्हणून आपला ओरिजिनल पासपोर्टच लागतो, आधारचा फोटो दाखवून उपयोग नाही. केस पिकलेले असले तरी मागू शकतात. वाईन-बीअरचे छोटे कप मिळतात ते घ्या, ग्लास हातात घेऊन पार्कमध्ये फिरता येतं. आता ११ देशांत ११ पेग असा विडा उचलणारे वीर तिथे दर शनिवारी दिसतात, आणि संध्याकाळी बाकावर आडवे झालेले पण तेच दिसतात. फ्लोरिडाचं ऊन आपल्यासारखं कोरडं नाही, चिकचिक असते, घाम वाळतच नाही, आपण नागपूरकर आहोत आपल्याला उन्हाचं काय सांगता हा माज तिथे चालत नाही. काऊंटरच्या हॉटेलांत बर्फाचं पाणी कपात फुकट मिळतं, मागून घ्या, बाटली विकत घेऊ नका. दारू न पिणाऱ्यांसाठी बऱ्याच स्टॉलवर बिनदारूचं पण काहीतरी असतं, विचारा फक्त. फ्रान्सचा संत्र्याचा स्लश फेमस आहे पण त्यात दारू आहे, रंग पाहून पोट्ट्यांसाठी उचलू नका. आणि हो, फ्लोरिडा पण संत्र्यांचं राज्य, पण त्यांचा माल ज्यूसचा, सोलून फाका खायच्या तर आपलाच संत्रा, जीआय टॅगवाला, हे तिथे कोणाशी तरी वाद घालून सांगायला हरकत नाही.

वार कोणता? सोमवार ते गुरुवार. शुक्रवार संध्याकाळपासून ऑर्लँडोचीच पब्लिक येते, वीकेंडला संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे सीताबर्डीत दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. देशांचा भाग साधारण ११ ला उघडतो, तेव्हाच पोचा, आणि पहिले तीन तास खाण्याचे ठेवा. बहुतेक लोक मेक्सिकोकडून सुरू करतात, तेव्हा तुम्ही कॅनडाकडून उलटे निघा. पॅव्हेलियन आतून पाहणं, राईड वगैरे दुपारी, तेव्हा एसी पण मिळतो. दुपारी पावसाची सर येतेच, सप्टेंबर-ऑक्टोबर तिकडे चक्रीवादळांचा सीझन आहे, त्यामुळे हवामान पाहून तारीख पक्की करा आणि घरूनच रेनकोट न्या, तिथे प्लास्टिकचा पोंचो घेताना जीव जातो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळ्यातून बोट चालते, फुकट आहे, अर्धं चक्कर वाचतं.

रात्री तळ्यावर आतषबाजी असते. ती संपली की सगळी पब्लिक एकदम मेन गेटकडे धावते, त्यात घुसू नका, पाऊण तास बसून राहा, उरलेलं गिफ्ट कार्ड संपवा. एक मागचं गेट पण आहे, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे, पण तुमची गाडी पुढच्या पार्किंगला असेल तर तिकडून बाहेर पडू नका, फार लांब पडतं. आणि सकाळी गाडी लावली त्या लाईनीच्या नंबरचा फोटो काढलेला असू द्या, रात्री सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.