लंडनचं जड पाणी: शॉवरला फिल्टर घेण्याआधी हे वाचा

इथे येऊन दोन-तीन महिने झाले की नव्या मुली हमखास विचारतात, "ताई, मूठमूठ केस जातायत, शॉवरला फिल्टर बसवू का?" पैसे टाकण्याआधी जरा थांबा.

इथलं पाणी जड आहे हे खरं. टेम्स आणि ली या नद्यांना चुनखडीच्या टेकड्यांमधून झिरपलेलं पाणी मिळतं, म्हणून त्यात क्षार भरपूर: लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या वर. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्यांना फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. किटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे धरतात. चहा निवला की वर तपकिरी तवंग येतो आणि कपाच्या कडेला चिकटतो. तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, आधी भिजवावी लागते. प्यायला मात्र हे पाणी चांगलं आहे, निर्धास्त प्या.

त्रास होतो तो साबणामुळे. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की चिकट साका होतो. तो अंगावर राहतो आणि खाज सुटते, केसांवर बसला की केस राठ होतात. म्हणून आधी साबण बदला. बिनवासाचं, साबण नसलेलं क्लीन्झर घ्या. शिकेकाई-रिठा आणला असेल तर जरूर वापरा, त्याचा असा साका होत नाही. कढत पाण्याचा मोह आवरा, हिवाळ्यात हीटरनं घरातली हवा आधीच कोरडी झालेली असते. अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम लावा. पण पॅराफिनचं क्रीम कपड्यांत मुरतं आणि असे कपडे चटकन पेटतात. निरांजन लावताना, गॅसपाशी उभं राहताना जपा.

आता फिल्टर. शॉवरचे छोटे फिल्टर फार तर क्लोरीन कमी करतात, क्षार काढत नाहीत. त्यासाठी मिठावर चालणारं सॉफ्टनर लागतं, आणि भाड्याच्या घरात ते कोण बसवू देणार? शिवाय 2011 साली इंग्लंडमधल्या एक्झिमा (इसब, म्हणजे खाज सुटणारा त्वचारोग) असलेल्या 336 मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. 12 आठवडे सॉफ्टनर वापरूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा एक्झिमा जास्त कमी झाला नाही.

गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून आलाय, आणि त्याचा दोष बहुधा पाण्याचा नसतो. स्थलांतराची धावपळ, जेवणाची आबाळ, ताप, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे जातात आणि बहुतेक वेळा परत येतात. थांबेनात तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, लोह आणि थायरॉइड तपासायला सांगा. गाठ नसेल तर केस मधेच तुटलाय, तिथे मात्र राठपणाचा हात असू शकतो. शिवाय इथे हिवाळ्यात ऊन पुरत नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळी ऑक्टोबर ते मार्च रोज घ्या. आपल्या सावळ्या कातडीला ती वर्षभर घ्यायलाही हरकत नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या बोटांना भेगा पडून रक्त आलं. मी पाण्याला नावं ठेवत होते, आणि रोज उघड्या हातांनी ब्लीच लावून फरशा घासत होते. हातमोजे घातल्यावर महिन्याभरात बोटं भरून आली. नळावरचे पांढरे डाग काढायचं औषध आम्लाचं असतं. ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. किटलीला लिंबूसत्त्व पुरतं: एक चमचा घालून पाणी उकळा, अर्ध्या तासानं ओतून द्या, मग दोनदा साधं पाणी उकळून फेका.