गंजलेल्या देबाचं पोलाद कसं ओळखलं: माझा अनुभव

क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला मोठा बाजार भरतो. तिथे ही सुरी घेतली. पातं गंजून लाल, मूठ कुजलेली. पण पाठ बोटाएवढी जाड आणि धार एकाच बाजूने, म्हणजे मासे तोडायची जपानी सुरी, देबा, हे नक्की.

भांडी घासायची पूड आणि बाटलीचं बूच घेऊन गंज उतरवला, तसं 'साकाई' हे अक्षर वर आलं. ओसाकाजवळचं हे शहर अशा एकधारी सुऱ्यांसाठीच नावाजलेलं. तरी नुसत्या शिक्क्यावर भुलू नका, पोलाद धार लावायच्या दगडावरच बोलतं.

1000 नंबरच्या दगडावर घासल्यावर धारेकडच्या उतारावर दोन रंग दिसले: वर धुरकट राखाडी मऊ लोखंड, धारेलगत आरशासारखी चकचकीत पट्टी. ती पट्टी म्हणजे जोडलेलं कडक पोलाद. अख्खं पातं एकाच पोलादाचं असतं तर त्याला होनयाकी म्हणतात. ही तशी नाही. बारीक कानस धारेवरून सटकली, मऊ भागात मात्र लगेच चावली. लिंबाचा थेंब ठेवला, तर काही मिनिटांत निळसर डाग पडला, म्हणजे स्टेनलेस नाही. 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद' ही जपानी पोलादाच्या दोन प्रकारांची नावं; यातलं कोणतं, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं असतं, एवढाच फरक.

मागची खोलगट बाजू अजून शाबूत होती, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. नवी मूठ बसवली आणि बांगड्याचं डोकं एका घावात उडवलं.