ॲब्डोमेनच्या व्हायवाची तयारी (आणि लिव्हर सरळ धरा रे)

फर्स्ट इयरच्या ॲनॅटॉमीच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) न्यायचं सामान: ॲप्रन, आयकार्ड, ग्लोव्हज, फोर्सेप्स, जर्नल. यावर जास्त बोलत नाही. जर्नलवर सही राहिली असेल तर आदल्या आठवड्यातच डिपार्टमेंटबाहेर ठाण मांडून घे, परीक्षेच्या सकाळी कोणीही तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. केस बांधायचे, नखं कापायची, पुढे.

आता खरी गोष्ट. फर्स्ट इयरला सगळे घोकंपट्टी करून जातात, ड्युओडेनमचे (लहान आतड्याच्या सुरुवातीचे) पार्ट, स्टमक बेड, पोर्टल व्हेनच्या ट्रिब्युटरीज, सगळं पाठ. पण व्हिसेराच्या (पोटातल्या अवयवांच्या) टेबलवर पहिला प्रश्न पाठांतराचा नसतोच. ट्रेमध्ये ऑर्गन पडलेले असतात, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणतात उचला काय हवं ते, आपण त्यातल्या त्यात सोपं म्हणून लिव्हर उचलतो आणि ते म्हणतात, "ॲनॅटॉमिकल पोझिशनमध्ये धरा." इथे दांडी गुल होते. कारण पुस्तकातलं चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, त्याचं लिव्हर पानाच्या डाव्या बाजूला दिसतं, वर्षभर आपण तेच बघतो आणि हातात घेतल्यावर मोठा लोब आपल्या डाव्या हातात येतो. प्रिलिमला मी नेमकं हेच केलं. सरांनी अगदी शांतपणे विचारलं, "सायटस इन्व्हर्सस आहे का तुम्हाला?" (म्हणजे अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला.) पुढे पोर्टा हेपॅटिस (लिव्हरमध्ये रक्तवाहिन्या शिरतात ती फट) वगैरे सगळं बरोबर सांगितलं, पण तोवर त्यांनी आकडा टाकला होता.

त्यामुळे यादीतला एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर हाच: ऑर्गन स्वतःच्या पोटासमोर धर. चित्रासारखं नाही, स्वतःच्या पोटात असतं तसं. राइट लोब तुझ्या उजव्या हातात, घुमटासारखी बाजू वर, धारदार इन्फिरिअर बॉर्डर पुढे खाली, आयव्हीसीची (इन्फिरिअर व्हेना केव्हा, खालच्या शरीरातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) खाच मागे म्हणजे तुझ्याकडे, गॉलब्लॅडरचा फंडस पुढे म्हणजे परीक्षकाकडे. ॲप्रनपासून चार बोटं लांब धर, फॉर्मॅलिन ठिबकतं. लिव्हर दीडेक किलोचं असतं, त्यात भिजलेलं आणि निसरडं, एका हातात पेलत नाही, दोन्ही हात लाव. आणि हातात घेतल्या घेतल्या उलटं करून खालच्या बाजूच्या खाचांचा तो एच आकार दाखवायची घाई करू नकोस, सगळ्यांना वाटतं सांगण्यासारखं सगळं खालीच आहे (आहेच म्हणा), पण आधी पोझिशन, मग "सर, व्हिसेरल सरफेस (खालची बाजू) दाखवू का" असं विचारून पुढची धार वर उचलायची. अशी उचलली की उजवं-डावं बदलत नाही. पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवलंस तर बदलतं आणि मग कॉडेट लोब कुठला, क्वाड्रेट लोब कुठला हे तुलाच कळणार नाही.

हे फक्त लिव्हरचं नाही म्हणून सांगतोय. स्टमक घे, कार्डिअॅक एंड वर, ग्रेटर कर्व्हेचर (मोठी बाकदार कड) डावीकडे, पायलोरस (ड्युओडेनमकडचं टोक) उजवीकडे, एवढं केलं की पुढचा सरफेस कुठला ते आपोआप ठरतं, वेगळं शोधत बसायचं नाही. ड्युओडेनम आणि पॅन्क्रिअसचा एकत्र स्पेसिमन असेल तर एक सोपी खूण आहे, पुस्तकात ड्युओडेनम सी सारखा दिसतो ना, मग तुझ्या पोटासमोर नीट धरल्यावर तुला तो उलटा सी दिसला पाहिजे आणि समोरच्याला सरळ. तुला सरळ सी दिसत असेल तर थांब, फिरव, मग तोंड उघड. सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) डाव्या बाजूने येऊन मिळालं पाहिजे, अपेंडिक्स खाली मागे. परीक्षेच्या आधी रिव्हिजनला डीएच (डिसेक्शन हॉल) उघडा असतो तेव्हा प्रत्येक ऑर्गन एकदा तरी असा धरून बघ. पार्टनर समोर उभा कर, त्याला विचार बरोबर आहे का. घरी असशील तर उशी धर, काहीही धर. हसू येतं, येऊ दे.

जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) आणि इलियमचे तुकडे ट्रेमध्ये असतातच आणि ते ओळखताना लोक भिंतीच्या जाडीवर जातात. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या तुकड्याची जाडी काय कळणार डोंबल. मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) उजेडासमोर धर. जेजुनमच्या मेसेंटरीत फॅट कमी, आर्केड (रक्तवाहिन्यांच्या कमानी) एकदोन, वासा रेक्टा (त्यातून आतड्याकडे जाणाऱ्या सरळ वाहिन्या) लांब, मधे मोकळ्या खिडक्या दिसतात. इलियमला फॅट आतड्यापर्यंत भरलेलं, आर्केड जास्त, वासा रेक्टा आखूड, खिडक्या नाहीत. ओपन केलेला तुकडा असेल तर प्लायकी (आतल्या घड्या) बघ, जेजुनमला दाट आणि उंच, इलियमला विरळ होत जातात. कोलन ओळखणं सोपं, टीनिया (स्नायूंचे तीन लांब पट्टे), फुगे फुगे, अपेंडिसेस एपिप्लॉइकी (बाहेरून लोंबणारे चरबीचे गोळे), तिन्ही सांग. अपेंडिक्स शोधायचं असेल तर टीनियाच्या मागे मागे जा, तिन्ही त्याच्या बुडाशी एकत्र येतात. सर्जनपण असंच शोधतात, हे वाक्य टाकलं तर एक्स्टर्नल खूश होतात.

आर्टरीज पाठ करायच्याच, पण तिघींच्या हिशोबाने. सीलिअॅक टी १२ ला (हे मणक्यांचे नंबर), फोरगटची (गर्भातल्या आतड्याचा पुढचा भाग, मग मिडगट मधला, हाइंडगट मागचा), सुपिरिअर मेसेंटेरिक एल १ ला, मिडगटची, इन्फिरिअर मेसेंटेरिक एल ३ ला, हाइंडगटची. फोरगट ड्युओडेनममध्ये मेजर पॅपिलाच्या (बाइल डक्ट उघडते त्या जागेच्या) आसपास संपतो, मिडगट ट्रान्सव्हर्स कोलनच्या उजव्या दोन तृतीयांशापर्यंत. हा सांगाडा पक्का असेल तर दुखणं कुठे जाणवतं तेही फुकटात येतं, फोरगटचं एपिगॅस्ट्रिअममध्ये, मिडगटचं बेंबीभोवती, हाइंडगटचं खाली सुप्राप्युबिक. अपेंडिसायटिसला आधी बेंबीपाशी का दुखतं हा प्रश्न दरवर्षी कोणाला ना कोणाला येतोच. आधी व्हिसेरल पेन (अवयवाचं), टी १० नर्व्हच्या पातळीचं, मग सूज पॅरायटल पेरिटोनिअमला (पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला) पोचली की उजवीकडे खाली सरकतं.

स्टमकच्या आर्टरीजमध्ये पुन्हा तेच उजवं-डावं. लेफ्ट गॅस्ट्रिक थेट सीलिअॅकची, राइट गॅस्ट्रिक हेपॅटिकची, लेफ्ट गॅस्ट्रोएपिप्लॉइक स्प्लेनिकची, राइट गॅस्ट्रोड्युओडेनलची. स्पॉटिंगला (ठेवलेल्या वस्तू ओळखून लिहायच्या परीक्षेला) पिन टोचलेली असते आणि नुसतं "गॅस्ट्रोएपिप्लॉइक आर्टरी" लिहिलं तर अर्धे मार्क गेले. पायलोरसकडची असेल तर राइट. तिथे लिव्हर धरायचं नसतं पण मनात तरी धर. शॉर्ट गॅस्ट्रिक आठवत नसतील तर स्प्लीनकडे बघ, तिकडूनच येतात. स्टमकच्या मागच्या भिंतीचा अल्सर फुटला तर रक्त येतं ती स्प्लेनिक आर्टरी, ड्युओडेनमच्या पहिल्या भागाचा मागचा अल्सर असेल तर गॅस्ट्रोड्युओडेनल, यात गोंधळ घालू नकोस, दोन्ही विचारतात.

एपिप्लॉइक फोरामेन (स्टमकच्या मागच्या पोकळीत जायचं भोक) पुस्तकातून समजत नाही, उगाच चित्र काढत बसू नकोस. डिसेक्शन झालेल्या बॉडीवर बोट घाल. बोटापुढे लेसर ओमेंटमची (लिव्हर आणि स्टमकमधल्या पडद्याची) मोकळी कड, तिच्यात बाइल डक्ट, हेपॅटिक आर्टरी आणि त्यांच्यामागे पोर्टल व्हेन, बोटामागे आयव्हीसी, वर कॉडेट प्रोसेस, खाली ड्युओडेनमचा पहिला भाग. अंगठा पुढे ठेवून चिमटीत पकडलं की तेच प्रिंगल मॅन्यूव्हर (लिव्हरचा रक्तस्राव थांबवायची सर्जनची युक्ती). एकदा बोट घातलं की जन्मात विसरत नाही. आणि डक्ट उजवीकडे, आर्टरी डावीकडे. कोणाच्या उजवीकडे? बॉडीच्या. बॉडी उताणी पडलेली, तू तिच्या बाजूला उभा, कुठूनही बघ, उजवं तिचंच.

एक सल्ला, ज्या टर्मबद्दल पुढचा प्रश्न आला तर उत्तर नाही ती टर्म तोंडातून काढू नकोस. "कॅलॉट्स ट्रँगल" (गॉलब्लॅडरजवळचा त्रिकोण) असं स्टाइलमध्ये बोलायचं आणि बाउंडरी विचारली की छताकडे बघायचं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. बोलायचंच असेल तर नीट माहीत असू दे, सिस्टिक डक्ट, कॉमन हेपॅटिक डक्ट, वर लिव्हरचा खालचा सरफेस, आत सिस्टिक आर्टरी. हीच गत पोर्टोकेव्हलची (पोर्टल आणि केव्हल व्हेन्स एकमेकींना मिळतात त्या जागांची). जागा सांगितलीस की दोन्हीकडच्या व्हेन्स सांगाव्या लागतात. इसोफेगसच्या खालच्या टोकाला लेफ्ट गॅस्ट्रिक आणि अॅझायगस, बेंबीपाशी पॅराअंबिलिकल आणि पोटाच्या भिंतीतल्या, रेक्टमला सुपिरिअर रेक्टल आणि मिडल-इन्फिरिअर. व्हेराइसेस (फुगलेल्या व्हेन्स), कॅपट मेड्युसी (बेंबीभोवती फुगलेल्या) हे त्याला जोडून.

सरफेस मार्किंगला (आतले अवयव अंगावर रेखून दाखवायला) बहुतेक वेळा तुमच्यातलाच कोणीतरी झोपतो, स्किन पेन्सिल डिपार्टमेंट देतं, तरी स्वतःची ठेव. आधी ट्रान्सपायलोरिक प्लेन (पोटावरची आडवी रेषा) काढ, एल १, अर्धी कामं तिथेच होतात, पायलोरस तिथे, गॉलब्लॅडरचा फंडस तिथे उजव्या नवव्या कॉस्टल कार्टिलेजच्या टोकाला, पॅन्क्रिअसची नेक तिथे, एसएमए (सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी) तिथून. मॅकबर्नी पॉइंट (अपेंडिक्सची जागा) उजव्या एएसआयएसपासून (कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून) बेंबीकडे जाणाऱ्या रेषेचा बाहेरचा एक तृतीयांश जिथे संपतो तिथे. झोपलेल्या मुलाच्या उजव्या! तू त्याच्याकडे तोंड करून पायाकडे उभा राहिलास तर ती तुझी डावी. आमच्या बॅचला एकाने डावीकडे काढला, आणि तो टॉपर होता. म्हणून सांगतो, त्याच्या उजव्या बाजूला उभा राहा, तशी सवयच लाव, पुढे वॉर्डातपण पेशंटच्या उजवीकडूनच तपासायचं असतं.

एक्सरे लावला की आधी आर (राइट) मार्कर शोध. बेरियममध्ये जेजुनम पिसासारखा दिसतो, इलियम सपाट, कोलनला हॉस्ट्रा, ड्युओडेनल कॅप त्रिकोणी. इथे मात्र फिल्म समोरच्या माणसासारखी असते, लिव्हर तुझ्या डावीकडे. सीटीतपण. हो, हातात धरलं तर उलट आणि फिल्मवर सुलट, वैताग आहे, पण नियम एकच, उजवं पेशंटचं.

एम्ब्रिओलॉजीत मिडगटचं रोटेशन, गर्भाच्या सहाव्या आठवड्यात पोटाबाहेर नाळेत, दहाव्यात आत, एसएमएच्या अक्षाभोवती २७० अंश अँटिक्लॉकवाइज. "कोणाच्या बाजूने अँटिक्लॉकवाइज?" समोरून बघणाऱ्याच्या. बघ, इथेही तेच. अपेंडिक्सची घड्याळाची पोझिशनपण समोरून, रेट्रोसीकल (सीकमच्या मागे) १२ वाजता. पाइल्स (मूळव्याध) ३, ७, ११ ला, ते लिथॉटॉमी पोझिशनमध्ये (उताणं झोपून पाय वर), म्हणजे ३ वाजताचा पेशंटच्या डावीकडे. मेकेल्स डिव्हर्टिक्युलम (इलियमवर जन्मतः उरलेली पिशवी) दोन टक्के लोकांत, दोन इंच लांब, आयसी (इलियम-सीकम) जंक्शनपासून दोन फूट, हे सगळ्यांना येतं. डिव्हर्टिक्युलम अँटिमेसेंटेरिक बॉर्डरला (मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला) असतं हे विसरतात.

हिस्टोच्या (मायक्रोस्कोपखाली बघायच्या) स्लाइड्सना फार वेळ देऊ नकोस, फसवणाऱ्या तेवढ्या बघ. गॉलब्लॅडर आणि आतडं यात घोळ होतो, गॉलब्लॅडरला मस्क्युलॅरिस म्युकोसी नाही, सबम्युकोसा नाही, गॉब्लेट सेल्स नाहीत. ब्रूनर्स ग्लँड दिसल्या सबम्युकोसात तर ड्युओडेनम. पायर्स पॅचेस, इलियम. चहूबाजूंनी लिम्फॉइड फॉलिकल्स आणि व्हिलाय नाहीत, अपेंडिक्स. लिव्हरचे षटकोन एकदम स्पष्ट दिसत असतील तर ती डुकराची स्लाइड, माणसाच्या लिव्हरमध्ये इतके रेखीव नसतात. स्टमकचा फंडस आणि पायलोरस ओळखायचे पिट्सच्या (अस्तरातल्या खड्ड्यांच्या) खोलीवरून, पायलोरसला खोल.

रेक्टम, अॅनल कॅनल: पेक्टिनेट लाइनच्या (अॅनल कॅनलमधल्या सीमारेषेच्या) वर खाली काय बदलतं तेवढंच, एपिथेलिअम, रक्तपुरवठा, नर्व्ह, लिम्फ. वर दुखत नाही, खाली दुखतं. बास. इसोफेगस २५ सेमी, अरुंद होण्याच्या जागा पुढच्या दातांपासून १५, २२.५, २७.५, ४० सेमीवर. टंग, सलायव्हरी ग्लँड्स वगैरे हेड-नेकच्या टेबलवर जातात, इथे कोणी विचारत नाही.

सकाळी खाऊन जा. रिकाम्या पोटी फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात आणि वर चक्कर येते, दरवेळी एकदोन जण बाहेर बाकावर बसलेले असतात. पाणी पी. स्पॉटिंगला बेल वाजली की पुढे सरक, मागचं आठवलं तरी शेवटी लिही. ऑर्गन हळू उचल, हळू ठेव, ज्यांनी देहदान केलं त्यांचं आहे ते, ट्रेमध्ये आपटू नकोस. ग्लोव्हज काढून मग पेन धर, नाहीतर आन्सरशीटला वास येतो. आणि आत जायच्या आधी, लाइनमध्ये उभा असताना, उजवा हात पोटाच्या उजव्या बाजूला बरगडीखाली ठेव. लिव्हर इथे. मोठा लोब इथे. जा.