परदेशची बातमी कशी वाचावी: सोलापूरच्या अशोक चौकातली आमची रीत

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे, आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरींना घेऊन पेपर वाचायला बसते.

आधी बघायचं, बातमी पाठवली कोणी. मथळ्याखाली बारीक अक्षरांत रॉयटर्स, एपी, एएफपी किंवा पीटीआय असं पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या संस्थेचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्या तिघी लंडन, न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या. पीटीआय आपली, १९४९ पासून बातम्या पुरवणारी. चार पेपरांत एकाच संस्थेचा मजकूर आला, तर त्या चार साक्षी नव्हेत, एकच.

मग पेन्सिल घ्या आणि बातमीत जो जो बोलतो त्याच्या नावाखाली रेघ मारा. इथे घाई नको. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यातले २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. टेरी टॉवेल विणणाऱ्या गावाला ही घरचीच बातमी. रेघा मारल्या, तर एका मजकुरात ट्रम्प आणि त्यांचे सल्लागार, दुसऱ्यात आपलं परराष्ट्र मंत्रालय, तिसऱ्यात निर्यातदार. यंत्रमागावरचा कामगार कुठेच नाही. एका पोरीची आई कारखान्यात टॉवेलला शिलाई मारते. ती पोर म्हणाली, "बाई, आमच्या आईला कुणी विचारलंच नाही का?" शिकवल्याचं चीज झालं असं मला तेव्हा वाटलं.

आपल्या पूर्व भागात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. एवढी सोय सगळीकडे नसते, ती वापरा. गाझाची एकच बातमी हिंदी चॅनेलवर बघा, मग शेजारच्या भाभींकडून उर्दू पेपरातली वाचून घ्या. आधी काय सांगितलं, फोटो कुणाचा लावला, मेलेल्यांत कुणाला नाव आहे आणि कुणाचा नुसता आकडा, हे वहीत शेजारी शेजारी लिहा. परक्या देशाबद्दलचा आपला राग किंवा माया कुठून येते, ते त्या पानावर दिसतं.

व्हॉट्सॲपवरच्या मजकुरावर दोन बाण असतील, तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. त्यातला फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, जुना असेल तर बहुतेकदा कळतं.

रात्रीच्या चर्चा मी पोरींना लावू देत नाही. त्यात माहिती थोडी, आरडाओरडा फार. सुरुवातीला आठवड्याला एकच बातमी घ्या, पण दोन भाषांत. आणि वही पोरींकडेच राहू द्या, रेघा त्यांनाच मारू द्या.