लहानग्यांची पहिली थीम पार्क वारी

लेक अडीच वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा थीम पार्कला नेलं. धाकटा तेव्हा पोटात होता. दार उघडायच्या आधी पोहोचलो आणि दिवे लागेपर्यंत थांबलो, कारण तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत हा हिशेब डोक्यात पक्का बसला होता. दुपारी तीनच्या सुमारास ती रस्त्याच्या मधोमध आडवी पडून रडायला लागली आणि त्यानंतरचा सगळा वेळ आम्ही तिला समजावण्यात घालवला. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी वीस महिन्यांच्या धाकट्यालाही घेऊन, आणि साडेबाराला बाहेर पडलो. दोघंही गाडीत बसताना हसत होती. पहिल्या खेपेला काय चुकलं आणि दुसऱ्या खेपेला काय बदललं, ते लिहून ठेवते.

सगळ्यात मोठा बदल वेळेचा. मुलाची दुपारची झोप बारा-एकला असेल, तर तुमचा दिवस तिथपर्यंतच आहे असं धरून चाला. मधल्या वारी जा. दार उघडताना आत असा, कारण पहिल्या तासात रांगा छोट्या असतात, ऊन कोवळं असतं आणि मूल ताजंतवानं असतं. संध्याकाळची रोषणाई बघायचीच असेल तर सकाळचा नाद सोडा आणि दुपारची झोप काढून मगच निघा. दोन्ही टोकं साधायला जाल तर मुलाला सोसत नाही. बाबागाडीत झोपेल की, असं आम्हालाही वाटलं होतं. पण एवढे आवाज, एवढे रंग डोळ्यांसमोर असताना आमची लेक काही झोपली नाही, नुसती पेंगत आणि किरकिरत राहिली.

किती राइड करायच्या? तीन. खरंच सांगते, दोन वर्षांच्या मुलाला तीन पुष्कळ झाल्या. त्यातली एक आवडली तर तीच पुन्हा पुन्हा करू द्या. धाकटा त्या दिवशी चक्री घोड्यांवर चार वेळा बसला. आणि त्याहून जास्त वेळ तो एका सफाई कामगाराच्या नळीतून येणाऱ्या पाण्याकडे बघत उकिडवा बसला होता. पाणी फरशीवरून वाहत जाळीपाशी यायचं, जाळीवर अडकलेलं एक पान थरथरायचं आणि मग पाणी गुडगुड आवाज करत खाली जायचं. प्रत्येक वेळी तो वर माझ्याकडे बघायचा, मीही पाहिलं ना याची खात्री करायचा. पहिल्या खेपेची मी असते तर त्याला उचलून पुढच्या रांगेत नेलं असतं. या वेळी मीही शेजारी उकिडवी बसले. तुम्हीही बसा. त्या वयाच्या पोराला पार्कमधली कारंजी, बदकं, झेंडे आणि नळी हे सगळं सारखंच नवं असतं.

राइड निवडताना मांडीला मांडी लावून बसता येईल अशीच निवडा. वॉल्ट डिस्नी आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या चक्री घोड्यांवर बसवायचे आणि स्वतः बाकावर बसून राहायचे. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा असायला हवी, हा विचार त्या बाकावर मनात आला असं ते सांगत. १९५५ मध्ये डिस्नीलँड उघडलं त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. मला ती फार पटते. मुलाला एकटं बसवून आपण कठड्याबाहेरून हात हलवायचा, यापेक्षा त्याच्या शेजारी बसून त्याचा श्वास कधी थांबतो आणि कधी हसू फुटतं हे जवळून बघायचं.

आता उंचीचं. बहुतेक वेगवान राइडपाशी उंचीची पट्टी असते. ९७, १०२, १०७, १२२ सेंटीमीटर असे आकडे वारंवार दिसतात. साधारण अंदाज द्यायचा तर दोन वर्षांचं मूल ८६-८७ सेंटीमीटरच्या आसपास असतं, तीन वर्षांचं ९५च्या आणि चार वर्षांचं १०३च्या. म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या राइड जवळजवळ बंदच समजा. निघायच्या आदल्या दिवशी घरी, पार्कला घालणार तेच बूट घालून, मोजून ठेवा. आम्ही दारामागे पेन्सिलीने खूण केली आणि लेकीला दाखवलं, की तुझी खूण इथे आणि त्या मोठ्या गाडीची खूण तिथे, दोन बोटं वर. त्यामुळे पट्टीपाशी रडारड झाली नाही. तिने स्वतःच दोन बोटं दाखवली आणि पुढे निघाली. टाचेखाली काही घालून किंवा मूल चवड्यांवर उभं करून ही पट्टी चुकवू नका. राइडमधला दांडा आणि पट्टा ठराविक मापाच्या शरीराला अडवायला बनवलेला असतो. अंग लहान असेल तर ते त्याखालून निसटू शकतं. शिवाय लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते.

मोठ्यांनाही एखाद्या मोठ्या राइडला जायचं असेल तर राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारा. बऱ्याच मोठ्या पार्कांमध्ये एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं आणि मग पहिल्याने पुन्हा रांग न लावता जायचं, अशी सोय असते. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच आमच्या हातून मोठी चूक झाली. चित्रातलं लाडकं पात्र लांबून हात हलवतं तेव्हा मूल उड्या मारतं. तेच पात्र समोर येतं तेव्हा ते बाबांपेक्षा उंच असतं, त्याचं डोकं दारातून मावणार नाही एवढं असतं आणि त्याचे डोळे हलत नाहीत. पहिल्या खेपेला मी लेकीला फोटोसाठी पुढे केलं. तिने माझ्या मानेत नखं रुतवली. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं आणि ती रडतही नव्हती. त्यानंतर कित्येक महिने तिला मोठी बाहुली नजरेसमोर नको असायची. या वेळी आम्ही पंधरा पावलांवर थांबलो. धाकट्याने तिथूनच हात हलवला, समोरच्यानेही हलवला, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. मूल स्वतःहून पुढे गेलं तरच जवळ न्या. कोणाच्या हातात सोपवू नका, फोटो नाही मिळाला तरी चालेल.

अंधारातल्या राइडचे व्हिडिओ आधी घरी मुलासोबत बघा. अंधार कुठे येतो, आवाज कुठे होतो हे कळलं की मूल आधीच तुमचा हात पकडतं. कानांवर घालायचे लहान मुलांचे इअरमफ मिळतात, ते जरूर घ्या. फटाके, मिरवणुकीचे स्पीकर, बंद खोलीतले खेळ या सगळ्यांत ते उपयोगी पडतात. फक्त आठवडाभर आधीपासून घरी थोडा थोडा वेळ घालून सवय करा, नाहीतर मूल ते ओढून काढतं. आणि स्वच्छतागृहात आपोआप पाणी सुटणारं कमोड असेल तर त्याच्या सेन्सरवर चिकट कागदाचा तुकडा लावा. नुकतंच डायपर सुटलेलं मूल अंगाखाली अचानक पाणी खळाळलं की एवढं दचकतं, की मग दिवसभर शू धरून ठेवतं. माझ्या पर्समध्ये आता हे कागद कायम असतात.

दोन वर्षांखालच्या मुलांना गोल फिरण्याने मळमळायचा त्रास सहसा होत नाही. पुढे तो वाढत जातो. त्यामुळे धाकटं निवांत आणि थोरलं पांढरंफटक असं होऊ शकतं. खाणं आणि गोल फिरणं यांत थोडं अंतर ठेवा.

हरवण्याची तयारी घरातून निघतानाच करायची. सकाळी कपडे घालून झाले की मुलाचा एक पूर्ण उभा फोटो काढा. घाबरल्यावर आपल्याला शर्टचा रंगही आठवत नाही. दंडावर आतल्या बाजूने पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. आमची लेक दोन मिनिटं दिसेनाशी झाली ती चक्री घोड्यांपाशीच. आत जायचं दार एकीकडे, बाहेर पडायचं दुसरीकडे. मला वाटलं ती बाबांबरोबर आहे, त्याला वाटलं माझ्याबरोबर. ती घोड्यापाशीच उभी होती, पण ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. तेव्हापासून आम्ही मोठ्याने बोलतो, ‘आता तुझ्याकडे’, आणि दुसऱ्याने ‘माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय हात सोडत नाही. मूल दिसेनासं झालंच तर गप्प शोधत फिरू नका. ‘पिवळा फ्रॉक, चार वर्षांची मुलगी’ असं ओरडून सांगा, आजूबाजूचे सगळे बघायला लागतात, आणि एकाने लगेच जवळच्या कर्मचाऱ्याला गाठा.

सामान कमी ठेवा. कपड्यांचे दोन जोड, दर दोन तासांना एक डायपर आणि वर दोन, पाणी, मुलाच्या ओळखीचा खाऊ, टोपी. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते न लावता सावलीत आणि अंगभर सुती कपड्यांत ठेवणं बरं. ऊन लागतं म्हणून बाबागाडीवर दुपटं पांघरू नका. आतली हवा कोंडून फार तापते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बक्कलही मुलाला बसवायच्या आधी हाताने चाचपून बघा.

निघायची वेळ पाच मिनिटं आधी सांगा, आणि निरोप घ्यायला काहीतरी हाताशी द्या. लेक चक्री घोड्यांवरून खाली उतरून, ज्यावर बसली होती त्याच पांढऱ्या घोड्यापाशी गेली, त्याच्या मानेवरून हात फिरवला, ‘आता झोप हं’ म्हणाली. धाकट्यानेही तसाच हात फिरवला. गाडी पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत दोघंही झोपली होती.