आरएक्स १०० चं क्रँक सील गेलंय, मग बेअरिंग पण बदलायचं का?

हा प्रश्न सील गेलेल्या प्रत्येक टू स्ट्रोकवाल्याला पडतो. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, तो ज्यावर फिरतो ती बेअरिंग, आणि त्याच्या दोन्ही टोकांना हवा-ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा म्हणजे सील. यामाहाची आरएक्स १०० ही बाइक भारतात १९८५ ते १९९६ बनली, म्हणजे आज सगळ्यात नवी गाडी सुद्धा तीसेक वर्षांची झाली, त्यामुळे सील जाणं यात नवल काहीच नाही. खरा घोळ पुढे होतो. मेकॅनिक म्हणतो नुसतं सील टाकू, स्वस्तात होईल, नाहीतर दुसरा म्हणतो इंजिन पूर्ण खोलूया, आणि आपण मध्ये उभे.

माझं मत सरळ आहे. सील का गेलं ते आधी बघा, मग बेअरिंगचं ठरवा. सील दोन कारणांनी जातं, एक तर रबर म्हातारं होऊन कडक होतं, नाहीतर आतला क्रँक डुलत असतो आणि तो सीलची लिप, म्हणजे दांड्याला टेकणारी पातळ कड, खाऊन टाकतो. पहिलं असेल तर नवं सील वर्षानुवर्षं चालतं, दुसरं असेल तर नवं सील म्हणजे पैसे पाण्यात, थोड्याच दिवसात परत तीच बोंब.

आधी कुठल्या बाजूचं सील गेलंय ते ओळखा. डावीकडे मॅग्नेटच्या (क्रँकबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं म्हणजे पेट्रोल कमी हवा जास्त, इंजिनची रेस आपोआप वाढते, थ्रॉटल सोडला तरी पटकन खाली येत नाही आणि प्लग पांढराफटक पडतो. अशी गाडी दामटली तर पिस्टन जाम होऊ शकतो, म्हणून ही तक्रार उद्यावर टाकू नका. उजवीकडे क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं, मागून पांढऱ्या धुराचे लोट आणि बाहेर एक थेंब न गळता लेव्हल कमी. बरेच जण इथे टू टी ऑइलच्या (पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलच्या) पंपाला दोष देत बसतात, गिअर ऑइल मोजतच नाहीत.

खात्री करायची असेल तर एक जुना जुगाड आहे, घरातलं बीपी बघायचं काटेवालं मशीन. त्याचा पट्टा काढायचा, रबरी फुगा आणि मीटर ठेवायचं, प्लगच्या भोकात बसेल असा अडॅप्टर जुन्या प्लगपासून बनवायचा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबर लावून घट्ट बंद, ऑइल पंपाची बारीक नळी पण बंद, आणि पिस्टन तळाला आणून ठेवायचा म्हणजे खालच्या चेंबरपर्यंत, क्रँक असतो त्या डब्यापर्यंत, हवा जाते. काटा ३०० पर्यंत न्या, म्हणजे साधारण ६ पीएसआय होतात. त्याच्या फार वर जाऊ नका, चांगलं सील पण जागेवरून सरकेल. पाचसहा मिनिटं काटा जागचा हलला नाही तर सील बरं आहे. पडत असेल तर मॅग्नेट काढून डाव्या सीलवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे दिसतात. उजव्या बाजूसाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा, तिथे बुडबुडे आले की कळलं.

आता मुद्द्याचं, बेअरिंग. मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून बघा. आतबाहेर किंचित हालचाल असू शकते, पण वरखाली हाताला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग गेलं समजा. मॅग्नेट पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) काढला की त्याच्या आतल्या कडेला बघा, कॉइलला घासून चकचकीत पट्टा उठला असेल तर क्रँक डुलतोय याचा तो पुरावाच आहे. सीबी पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप सेट करून परत परत बिघडत असेल तर तेही बऱ्याचदा याच रोगाचं लक्षण. मग जुनं सील निघालं की फेकू नका, बोटाने लिप चाचपा. सगळीकडून सारखी कडक, चिरा गेलेली असेल तर वय झालं. एकाच बाजूने पातळ झाली असेल तर दोष बेअरिंगचा किंवा वाकड्या क्रँकचा. आवाज पण ऐका, चालू इंजिनच्या चेंबरला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायची, रेस वाढेल तशी वाढणारी घरघर बेअरिंगची, आणि लोड आला की टकटक येत असेल तर ती कनेक्टिंग रॉडची, तो वेगळा खर्च.

कोकणात किंवा कुठेही दमट जागी दोनतीन पावसाळे उभी राहिलेली गाडी असेल तर एवढंही बघू नका, थेट बेअरिंग बदलायच्या तयारीने उघडा. टू स्ट्रोकच्या क्रँक बेअरिंगला पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलचाच काय तो ओलावा, गाडी बंद म्हणजे तोही बंद, आणि बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवर, गंजाचे टिपके पडतात. फिरवून गुळगुळीत वाटलं तरी ते टिपके रस्त्यावर वाजायला लागतातच.

मी ठरवतो ते असं. प्ले नाही, घरघर नाही, लिप सगळीकडून सारखी आणि सील बाहेरून निघतंय, तर फक्त सील बदला, इंजिनला हात लावू नका. पण कुठल्याही कारणाने चेंबर उघडावा लागला, तर दोन्ही बेअरिंग आणि दोन्ही सील बदलायचीच, यावर चर्चा नको. कारण लेबरच जास्त असतं, पार्टचा खर्च त्यापुढे कमी, आणि दुसरं म्हणजे पुलरने ओढून काढलेलं बेअरिंग परत वापरण्यासारखं राहत नाही, ओढताना सगळा जोर गोळ्यांवरून जातो आणि रेसवर खड्डे पडतात. काही लोक जपानी शिक्क्याचं बेअरिंग आहे म्हणून जीव लावून ठेवतात. ठेवा की, शोकेसमध्ये.

नवं घेताना जुन्यावरचा पूर्ण नंबर दाखवा. शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतलं भोक मिळतं, ०४ म्हणजे २० मिमी, ०५ म्हणजे २५. नंबरानंतर सी३ असेल तर सी३च घ्या, त्यात मुद्दाम थोडा जास्त मोकळेपणा असतो कारण इंजिन तापल्यावर सगळं आवळतं, साधं टाकलं तर गरम झाल्यावर जाम चालतं. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला असून बाजारात त्याच नावाचा नकली माल मिळतो, त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, शंका आली तर फोटो पाठवा.

बसवताना हातोडीचा खेळ नको. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, चेंबर शंभरेक डिग्रीला गरम, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की बास, बेअरिंग जवळपास आपोआप बसतं. ढकलायची वेळ आलीच तर चेंबरमध्ये बाहेरच्या रेसवर, क्रँकवर आतल्या रेसवर. सीलच्या लिपला टू टी ऑइल लावा आणि शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळून मगच सील सरकवा, तिथली धार नवी लिप कापते. क्रँक बाहेर आहेच तर लेथवाल्याकडून डायल लावून वाकडेपणा बघून घ्या, ०.०३ मिमीच्या आत हवा, नाहीतर नव्या बेअरिंगचाही तोच हाल. सगळं जुळलं की इंजिन फ्रेममध्ये चढवायच्या आधी तेच बीपी मशीन परत लावा, काटा थांबला तरच बोल्ट आवळा.