पदर तरी सारखा केला असता

2016च्या उन्हाळ्यात मी फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला होतो. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. देशभरातले कॅमेरे लातुरात उतरले होते. मीही लांबचं जवळ आणणारी मित्राची 70-200 लेन्स मागून घेतली आणि औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर बाभळीखाली जाऊन बसलो. भर दुपारी एक आजी डोक्यावर घागर घेऊन वावरातून येताना दिसल्या. भेगाळलेली जमीन, खांद्यावर घसरलेला पदर, घामाने निथळणारा चेहरा. लांबूनच सात-आठ फ्रेम घेतल्या आणि निघालो. त्यातला एक फोटो एका दैनिकात ‘पाण्यासाठी वणवण’ अशा ओळीखाली छापून आला.

आठवड्याने त्याच गावात गेलो तर आजी पारावरच भेटल्या. घागर भरलेली होती, शेजाऱ्याच्या बोअरवर त्या दिवशी त्यांची पाळी होती, हे मला तेव्हा कळलं. पण त्यांचा राग त्या ओळीवर नव्हताच. म्हणाल्या, “फोटू काढायचाच व्हता तर हाक मारायची रं लेकरा. पदर तरी सारखा केला असता. लेकीच्या सासरी बघितला ना समद्यांनी.”

तुमचं हे पहिलं वर्ष असेल तर माझं सांगणं एवढंच: लांबची लेन्स वर्षभर घरी ठेवा. 35 किंवा 50 मिलिमीटरची एकच लेन्स वापरा. या लेन्सने माणसाचा फोटो घ्यायचा तर चार-पाच फुटांवर जावं लागतं, आणि तेवढ्या जवळ गेलं की बोलावंच लागतं. मावशी, मामा, आजी, जे नातं तोंडात येईल ते लावून राम राम घाला. कुठून आलात, कोणासाठी फोटो काढताय, कुठे छापणार, हे विचारायच्या आत सांगा. नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत आणि चहा घेऊन पुढे.

वर्गात यावर हमखास प्रश्न येतो: विचारून काढलेल्या फोटोत माणूस अवघडून बसतो, मग सहजपणा कुठून आणायचा? पहिल्या पाच मिनिटांत तो येत नाही, हे खरंच आहे. पण तुम्ही अर्धा तास तिथेच बसलात, की आजी पुन्हा लसूण सोलायला लागतात आणि त्यांना तुमचा विसर पडतो. तेव्हा काढा. परवानगी आधीच मिळालेली असते.

आता उजेडाचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. माणसाला ओसरीच्या काठाशी, अंगणाकडे तोंड करून बसवा. अंगणातल्या मातीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, स्टुडिओतल्या छत्री-सॉफ्टबॉक्सची गरज लागत नाही. फ्रेमभर पांढरं धोतर आणि फेटा असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. समोरचं सगळं करडंच आहे असं धरून ते उजेड कमी करतं, आणि सावळा चेहरा कोळशासारखा होतो. अशा वेळी पाऊण ते एक स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. मी आणखी एक करतो: माणसासमोर बसायच्या आधी त्याच उजेडात आपला तळहात धरून स्पॉट मीटरने, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणाऱ्या मीटरने, मोजतो आणि एक स्टॉप वाढवून मॅन्युअलवर पक्कं करतो. म्हणजे समोरचा माणूस बोलत असताना मी डायल फिरवत बसत नाही. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत निळी ताडपत्री असेल तर चेहरे निळसर पडतात. तिथे व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा हिशेब, ऑटोवर सोडू नका, पांढरा कागद धरून मोजा. अजिंठ्याला फ्लॅश बंदीच आहे. खांबाला नव्हे, स्वतःच्या बरगड्यांना कोपर टेकवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 3200पर्यंत जाऊ द्या आणि श्वास सोडता सोडता क्लिक करा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला फार वाटतं, ती म्हणजे फोटो एडिट करताना बारकावे उठावदार करणारा क्लॅरिटीचा स्लायडर. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो थोडा जरी ओढला तरी सुरकुत्या भेगांसारख्या दिसतात आणि सुखात बसलेला माणूस दुःखी वाटू लागतो. दुष्काळाच्या फोटोत जमीनही अशीच जास्त फाटते. उजेड-सावलीचा तोल सावरणं ठीक, पण जे डोळ्यांना दिसलं नव्हतं ते स्लायडरने आणू नका. भरलेली घागर “जरा रिकामी करून धरा” म्हणणं आणि हे करणं, दोन्ही एकच.

लेकरांचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नको. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याने मनाई आहे. त्यात चेहरा, नाव, घर, शाळा सगळं आलं. नुसते डोळे झाकून चालत नाही, गावात मूल दप्तरावरूनही ओळखू येतं.

1936मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी वाटाण्याच्या मळ्याजवळ अडकलेल्या एका मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना 1978मध्ये कळलं, आणि त्या फोटोबद्दल त्यांच्या मनात कडवटपणाच होता. म्हणून पिशवीत चाळीस पानी वही ठेवा. नाव, गाव, तारीख, काय चाललं होतं ते त्याच जागी लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. ओळ चुकली तर तेच दुरुस्त करतील.

आणि प्रिंट नेऊन द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो पोराच्या मोबाइलमध्ये राहतो, आजीला मिळत नाही. त्या आजींचा दुसरा फोटो मी दिवाळीत काढला, ओसरीवर, पदर डोक्यावर घेऊन. दोन प्रती मागितल्या त्यांनी, एक देवळीत लावायला आणि एक लेकीच्या सासरी पाठवायला.